शिवेबाहेरची ताई

माझ्या थोरल्या बहिणीला लग्नानंतर मी खळखळून हसताना पाहिलं ते अगदी थोडे दिवस, आणि तेही तिचं सगळं गाव घरंदारं टाकून माळावर येऊन राहिलं होतं तेव्हा.

गावपळण म्हणतात त्याला. आमच्या मालवण-देवगडच्या पट्ट्यात अशी काही गावं आहेत, की दर काही वर्षांनी मार्गशीर्षात, भाताची झोडणी आटोपली की ग्रामदेवाचा कौल घेऊन अख्खं गाव शिवेबाहेर जातं. माणसं तर जातातच, पण गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरंसुद्धा न्यायची. मागे जितं काही ठेवायचं नाही, चुलीत विस्तव ठेवायचा नाही. तीन रात्री गाव देवाचं. चौथ्या दिवशी देवळात पुन्हा कौल लावायचा. गुरव देवाच्या अंगाला पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. देव 'या' म्हणाला तर घरी जायचं, नाही म्हणाला तर मुक्काम वाढला. मी तेव्हा रत्नागिरीला शिक्षिकेचं ट्रेनिंग घेत होते. नव्याने चार बुकं शिकलेल्या माणसाला येतो तसा मलाही या प्रकाराचा राग येत असे. माणसांनी घर सोडायचं आणि पाकळी पडेपर्यंत थंडीत कुडकुडत बसायचं, हे काय देवपण झालं?

तरी मी गेले, कारण आईने मला कामगिरीवर पाठवलं होतं. ताईला घेऊन यायचं होतं.

आमचं घर जामसंड्याला, वडील शाळेत मास्तर. ताई सातवीची फायनल पास झालेली, अक्षर मोत्यासारखं. तिला दिली होती मिठबावच्याही पुढे, किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात. माणसं चांगली, घरचं एक गलबत होतं. नारळ, कौलं, लाकूड भरून ते मुंबईला जायचं, आणि मेहुणे स्वतः त्याच्यावर असायचे. लग्नाला दोन वर्षं झाली असतील नसतील, तेव्हा वादळात ते गलबत फुटलं. फळ्या किनाऱ्याला लागल्या. खलाशांपैकी काहींची प्रेतं मिळाली, मेहुण्यांचं मिळालं नाही. मग गावाने देवाला विचारलं, आहे की गेला? उजवी पाकळी पडली. झालं. त्या दिवसापासून मेहुणे त्या गावात जिवंत होते.

ताई सवाष्ण राहिली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं, पण बसायला पाट मिळायचा शेवटचा. धाकटा दीर मुंबईला गिरणीत होता. घरात ताई आणि सासू, दोघीच. दोघी मिळून भात लावत, नारळ उतरवून घेत आणि वाट बघत. ताई माहेरी राहायला म्हणून आलीच नाही. आईने निरोप पाठवला की उत्तर यायचं, सासू एकटी पडेल. इकडे वडिलांनी शाळेच्या कमिटीत शब्द टाकून ठेवला होता. मुलींच्या वर्गाला बाई हवी होती, आणि जूनपर्यंत जागा धरून ठेवतो असं मंडळी म्हणाली होती. ताई आली तर तिला पुढे पन्नास वर्षांचं आयुष्य होतं, नाही आली तर पडवी आणि परस. आई म्हणाली, "घरातून ती उठूची नाय. पण गावपळणीक सगळेच भायर पडतले. थंयसूनच घेवन ये." आमची आई शिकलेली नव्हती, पण डोकं असं चालायचं.

तारामुंबरीच्या खाडीला पूल नव्हता. होडीतून पलीकडे उतरले आणि कुणकेश्वराच्या अंगाने कातळ तुडवत निघाले. ऊन चढलेलं, पायाखाली काळा दगड, दोन्ही बाजूंना वाळून पिवळं झालेलं करड गवत, आणि उजव्या हाताला खाली समुद्र. आंब्याला कुठे कुठे मोहोराचं बोट फुटलं होतं. वाटेत मी सासूशी कसं भांडायचं याची उजळणी करत होते. वाक्यं चांगली जमली होती.

सासू खाष्ट असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण तिने दारातच माझ्या पायांवर पाणी घातलं. "इलंस? बरां केलंस गो बायो. तुझ्या बहिणीक कोणतरी होयाच होतां," म्हणाली. मार्गशीर्ष असला तरी वार बुधवार, म्हणून बांगड्याचं तिखलं केलं होतं. उंच, काटक, कपाळ कोरडं असलेली बाई. मला वाढता वाढता म्हणाली, "माझ्या झिलाक कुळथाची पिठी भारी आवडता. तेका दुसरा काय नको." झील म्हणजे मुलगा. आवडता, म्हणजे आज, आता आवडते. मी ताईकडे पाहिलं. ती खाली मान घालून भात कालवत होती. तिशी गाठायची होती अजून, पण बोटं एखाद्या म्हातारीसारखी झाली होती.  भांडायची वाक्यं कुठच्या कुठे गेली.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजला आणि गाव हललं. गाड्यांतून, डोक्यावरून, कमरेवरून संसार निघाला. एका म्हाताऱ्याने पिंजऱ्यात मांजर घेतलं होतं आणि ते सगळ्या वाटेने शिव्या घालावं तसं ओरडत होतं. शिवेच्या पलीकडे ओढ्याकाठी मोठा माळ होता. तिथे बांबू रोवून, वर माडाच्या झावळ्या टाकून, दुपारपर्यंत खोपींची एक रांग उभी राहिली. आमची खोप ताईने आणि मी बांधली. बांधली म्हणजे तिने बांधली आणि मी दोरी धरली.

संध्याकाळपर्यंत मला जे दिसलं त्यासाठी मी तयार नव्हते. मला वाटलं होतं, लोक हाल सोसत असतील. ते तर जत्रेला आल्यासारखे होते. कुणाला शेण काढायचं नव्हतं, कुणाला विहिरीवर रांग नव्हती. एरवी एकमेकांच्या कुंपणावरून वर्षानुवर्षं न बोलणारे शेजारी एका चुलीवर चहा करत होते. बायकांनी फुगड्या मांडल्या. आणि ताई, शेवटच्या पाटावरची आमची ताई, पदर खोचून फुगडीत उतरली. इथे पाट नव्हते, त्यामुळे पहिला कुठला आणि शेवटचा कुठला हेही नव्हतं. ती गरगर फिरली, धापा टाकत माझ्या अंगावर येऊन पडली आणि हसत सुटली. सासू खोपीच्या दाराशी बसून बघत होती. तीही हसत होती.

दुसऱ्या सकाळी ताई म्हणाली, "चल, फिराक जावया." इतकी वर्षं समुद्राकाठच्या गावात राहून तिने समुद्राचं काहीच पाहिलं नव्हतं. सुनेने घर ते शेत, शेत ते विहीर, आणि सणाला देऊळ. फिरायला म्हणून जाणारी बाई त्या काळी एक तर वेडी, नाही तर मुंबईवाली. पण शिवेबाहेर कोण कुणाची सून! आम्ही दोघी सड्यावर गेलो. सगळा काळा कातळ आणि त्याच्या भेगांत सोनेरी गवत, वारा आला की एका अंगाला लवणारं. मध्येच एक खोलगट डबकं, पावसाचं पाणी अजून धरून ठेवलेलं, आणि त्यात कमळासारखी बारीक पांढरी फुलं. ताईने लुगड्यासकट गुडघ्यापर्यंत पाण्यात पाय घातले. "गो बाय, ह्यां सगळां हयच होतां, आणि माका ठावक नाय," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

खाली उतरलो तर खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता, आणि त्याच्यावर थंडीचे येणारे पांढरे पक्षी बसले होते. इतके, की वाळू दिसत नव्हती. आम्ही जवळ गेलो तशी सगळी वाळूच उठून आकाशात गेली. कड्याच्या पोटात एक घळ होती. भरतीचं पाणी तिच्यात शिरलं की आतून मोठ्या रांजणात कुणी बोलावं तसा आवाज यायचा. आणि त्या खाऱ्या पाण्यापासून हाताच्या अंतरावर खडकातून गोड्या पाण्याची धार गळत होती. आम्ही ओंजळीने प्यालो. मी पुढे पुष्कळ हिंडले, नावाजलेल्या जागा पाहिल्या. पण त्या दोन दिवसांत एका बाईच्या चेहऱ्याकडे बघत मी जे रान आणि जो समुद्र पाहिला, तो मला पुन्हा कुठे भेटला नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. कड्यावर बसताना ताई समुद्राकडे पाठ करून बसायची. शिडं दिसत, गलबतं जात, पण ती तिकडे वळून बघत नसे. मला वाटलं, वारा लागत असेल.

तिथेच मी तिच्याकडे शाळेची गोष्ट काढली.  ती म्हणाली, "पयलीत पोरां किती असतत गो?" मी सांगितलं. मग म्हणाली, "आणि एखादां रडाक लागला तर काय करतत?" मी ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं ओकले. तिने ते इतकं मन लावून ऐकलं की मला माझीच लाज वाटली. परतताना वाटभर ती एकामागून एक विचारत होती. फळा किती उंचीवर असतो, बाईंना खुर्ची असते का, नऊवारी चालेल ना. जी येणार नसते ती असं विचारत नाही. माझ्या पोटात आनंद मावेना.

चौथ्या सकाळी मानकरी आणि गुरव देवळाकडे गेले. माळावर लोकांनी बोचकी बांधायला घेतली होती. हौस फिटली होती, थंडीने पोरं खोकत होती, गुरं हंबरत होती. सगळ्यांना आपापली चूल आठवत होती. ताई खोपीच्या मेढीला धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. ती देवाची प्रार्थना करत होती, आणि मला कळत होतं की सगळ्या माळावर एकटी तीच उलटं मागत होती.

मंडळी हात हलवत आली. डावी पाकळी पडली होती. लोक कुरकुरत बोचकी सोडू लागले. एक बाई तर देवालाच चार शब्द सुनावून मोकळी झाली. ताईने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. "देवान आजून एक दिस दिल्यान," म्हणाली. देवाचा इतका राग येणारी मी, त्या दिवशी त्या गुरवाच्या पाया पडायला तयार होते.

त्या जास्तीच्या दिवशी तिने माझ्याकडून वेणी घालून घेतली. ओढ्यावर कपडे धुताना मी स्पष्टच विचारलं, "येतलंस मां?"

"येतंय," ती म्हणाली. "उद्या गाव भुतूर जातलो, आपण जामसंड्याक जावया. आयेक मीच सांगतंय."

तिने सासूला सांगितलं. संध्याकाळी, चुलीपाशी, माझ्यासमोर.  सासूने लाकूड पुढे सरकवलं आणि भाकरी उलटली. मला वाटलं, जिंकलो.

पाचव्या दिवशी उजवा कौल आला. ढोल वाजू लागला. माळावरून सगळं गाव पुन्हा एका रांगेत निघालं, आधी गुरं, मग माणसं. शिवेवर एक दगड होता, त्याला नारळ फोडून आत जायचं. आमची वाट तिथूनच फुटत होती. ताईने आपली लहानशी ट्रंक माझ्याजवळ दिली आणि सासूच्या पाया पडायला वाकली.

सासूने तिला उठवलं नाही. तीच खाली बसली, तिच्यासमोर, धुळीत. बाजूने गुरं जात होती.

"जा गो," ती म्हणाली. "माझी ना नाय. तरणां आसस, जावकच होया. पण एक सांगतंय. तू गेलंस तर तो मेलो."

ताई म्हणाली, "आये, ते आसत म्हणान देवान उजवो कौल दिल्यान मां?"

"देवाचा माका काय सांगतंस?" म्हातारी म्हणाली. "तू घरात आसस म्हणान तो आसा. रोज सकाळी मी उठतंय, तुझ्या हातातल्या बांगड्यांचो आवाज आयकतंय, आणि मगे चूल पेटवतंय. उद्या तो आवाज नाय इलो काय माझो झील मेलो. माका दुसरां काय समजना नाय."

तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, हात जोडले नाहीत. जसं होतं तसं सांगितलं. तिने आकांत केला असता तर मी मध्ये पडले असते, माझ्याकडे वाक्यं होती. 

 ताई उठली, सासूच्या दंडाला धरून तिला उठवलं, तिच्या लुगड्याची माती झाडली आणि माझ्या हातातली ट्रंक परत घेतली. "तू जा," मला म्हणाली. "होडी चुकतली." आणि दोघी आत गेल्या. मी रागाने वेडी झाले होते. म्हातारीवर, देवावर, ताईवर. खाडीपर्यंत रडत गेले. घरी आईने मला एकटीलाच आलेली पाहिलं आणि ती पाणी तापवायला गेली. जूनमध्ये ती जागा दुसऱ्या बाईला दिली.

वर्षं गेली. रेडीला खनिज न्यायला परदेशी बोटी येऊ लागल्या, शिडाच्या गलबतांचे दिवस सरले, मिठबावपर्यंत एस.टी. आली. मी नोकरीला लागले, माझं लग्न झालं. ताईला मी दरवर्षी भेटायचे. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले, मग सगळेच. सासूला दिसेनासं झालं होतं. ताई तिला भरवायची, परसात न्यायची, आणि सकाळी विहिरीवर कळशी घासताना हात जरा जास्तच जोराने हलवायची. बांगड्या अंगणभर वाजायच्या. मी एकदा म्हटलं, अगं हळू. ती म्हणाली, "तिका आता आयकाक पण कमी येता."

मग सासू गेली. झोपेतच गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपून दिवस सुरू झाले होते. मुंबईहून दीर आला होता, क्रियेला तोच बसला होता. नवव्या दिवशी पडवीत भटजी पुढचं सांगत असताना ताई माजघरातून बाहेर आली. बाकीच्या पुरुषांसमोर ती एरवी उंबऱ्यावर थांबायची, त्या दिवशी पडवीत येऊन उभी राहिली.

"भटजीनू, आयेचां झालां की तेंचां पण करूचां आसा," ती म्हणाली.

कुणाचं, ते क्षणभर कुणाला कळलं नाही. मग दिराने मान खाली घातली. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग त्याची क्रिया होते. ती म्हणत होती ती.

भटजी जुने आणि नेमाचे. म्हणाले, "करायला हरकत नाही. ठरलेली वर्षं केव्हाच उलटली. पण बाई, मग क्रम बदलतो. मुलगा आधी गेला, त्याचं आधी व्हायला हवं. आईचं मागून."

"नाय," ताई म्हणाली. "आधी आयेचां."

"अहो, शास्त्र आहे. तो आधी गेलेला..."

"आये जिती होती तवसर तिचो झील मरूक नाय," ताई म्हणाली.

  ती कड्यावर पाठ करून का बसायची ते मला तेव्हा समजलं. तिला फळ्या किनाऱ्याला लागल्या त्याच दिवसापासून ठाऊक होतं. इतकी वर्षं तिने नवऱ्याची वाट पाहिलीच नव्हती. ती एका आईचा मुलगा रोज सकाळी जिवंत करत होती.

भटजींनी पंचांग बाजूला ठेवलं. "तुम्ही म्हणता तसं," एवढंच म्हणाले.

तेराव्यानंतर दिराने खाडीच्या काठी त्या पुतळ्याला अग्नी दिला. आम्ही बायका घरीच होतो. धूर माडांवरून दिसला तशी ताई अंगणात गेली. नवरा जिवंत आहे म्हटल्यावर बाईला रडायची सोय नसते. तिथे भर अंगणात मटकन बसून ती मोठ्याने रडली, शेजारपाजारच्या सगळ्या घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बायका धावत आल्या आणि तिच्याभोवती बसल्या.